'यूजर स्टोरी'ला काय म्हणावं : कहाणी, किस्सा, हकीकत?

गौरी_क : घरगुती उपकरणांच्या डिझाइनसाठी लोकांचे अनुभव ऐकून लिहून घेते. अहवाल मराठीत द्यायचाय. ऑफिसात सरसकट 'स्टोरी' म्हणतात. मी 'कहाणी' लिहिलं, तर आमच्या आईलाच हसू फुटलं. दुसरा शब्द?

बोरूबहाद्दर : आईंचं बरोबर आहे. कहाणी म्हटली की आटपाट नगर आणि शेवटी 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. तुमच्याकडचा माणूस नेमकं सुफळ न झालेलंच सांगणार! 'हकीकत' घ्या. अरबीत सत्य, मराठीत घडलं तसं सांगितलेलं.

पाटावरवंटा : 'किस्सा' का नको? सुटसुटीत आहे.

बोरूबहाद्दर : किस्सा रंगवून सांगतात, बहुतेकदा दुसऱ्याचा. ऑक्सो या अमेरिकी कंपनीचं जाड, मऊ मुठीचं सोलाणं घ्या. १९९० साली बाजारात आलं. डिझाइनच्या वर्गात सांगतात ते असं : बेट्सी फार्बर यांना संधिवात, सफरचंदं सोलताना हात दुखायचे, नवऱ्याला, सॅमना, कळवळा आला आणि त्यांनी नवं सोलाणं करवून घेतलं. झाला किस्सा! पुढे २०१८ मध्ये लिझ जॅक्सन या अपंग डिझायनरनी एका लेखात खुद्द बेट्सींचं म्हणणं छापलं : कल्पना माझीच होती. किस्स्यात बाईंच्या वाट्याला नुसता दुखरा हात आला होता.

गौरी_क : अरे बापरे. आमच्या अहवालातही 'बिचाऱ्या काकू' फार आहेत, आता तपासते. 'कैफियत' कसा वाटतो? त्यात सांगणाऱ्याची बाजू येते.

मोडीवाला : येते, पण कैफियत कुणापुढे तरी द्यावी लागते. कोर्टात प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. काकूंना वाटेल, आपल्यावर दावा लागला! 'जबानी' तर सरळ पोलीस चौकीतली.

पाटावरवंटा : 'आपबीती'?

मोडीवाला : हिंदीतून आलाय, शिवाय त्यात काहीतरी भयंकर घडलेलं लागतं. मिक्सरचं झाकण नीट बसत नाही, याची कसली आपबीती?

पाटावरवंटा : आमच्या मिक्सरचं झाकण आमटीसकट छताला लागलं होतं. माझी आपबीतीच म्हणा.

गौरी_क : 😄 रकान्यात 'हकीकत' टाकते. एक शंका : परवा एक आजी 'हकीगत' म्हणाल्या, ग घालून. त्यांच्या तोंडचं लिहिताना दुरुस्त करू का?

बोरूबहाद्दर : मुळीच नको. दोन्ही रूपं मराठीच आहेत. रकान्यावर क, आजींच्या बोलण्यात ग.