फोनमुळे लक्ष उडतंय, की मुळातच टिकत नव्हतं? मदत हवी आहे

मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. परवा संध्याकाळी भूमितीचं प्रमेय घेऊन बसला होता, शेजारी मी मेथी निवडत होते. पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आकृतीसाठी पट्टी हातात घेतली आणि तिथेच अडकला. फोन आतल्या खोलीत होता, तरी तीनदा उठला. आधी पाणी, मग पंखा, मग "ग्रुपवर काही आलंय का बघतो". माझी जुडी निवडून झाली, त्याची आकृती अर्धीच.

रात्री दीड-दोनपर्यंत रील्स चालतात हे दिवाळीनंतर कळलं. ह्यांनी फोन काढून घेतला. आठ दिवस नुसती चिडचिड, भरल्या ताटावरून उठणं. अभ्यास होता तेवढाच.

समुपदेशक बाईंनी पहिलंच विचारलं, बारा वर्षांच्या आधी असं होतं का? एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) म्हणायचं तर काही लक्षणं त्या वयाआधीपासून आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. घरी येऊन जुनी प्रगतिपुस्तकं काढली. तिसरीचा शेरा: 'हुशार आहे, पण काम अर्धवट सोडतो.' तेव्हा त्याच्या हातात फोन नव्हता. पण असा शेरा कितीतरी मुलांना मिळत असेल ना?

२०१८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं. लॉस एंजेलिस भागातली २,५८७ मुलं, वय पंधरा-सोळा, सुरुवातीला एडीएचडीची ठळक लक्षणं नसलेली. दोन वर्षांत, ऑनलाइन गोष्टींचा वारंवार वापर करणाऱ्यांत लक्षणं जास्त दिसली. पण संबंध दिसला म्हणजे कारण ठरलं असं नाही. मुळात चंचल असलेलं मूलच फोनकडे जास्त ओढलं जात असेल. शिवाय अपुऱ्या झोपेनेही लक्ष लागत नाहीच. माझ्या मते आधी झोप सुधारायला हवी, म्हणून सध्या दहानंतर आमच्यासकट सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात ठेवतो.

काल म्हणाला, "आई, मला बसायचं असतं गं, पण बसवत नाही." आळशी म्हणून किती बोललेय मी त्याला!

बालमानसोपचारतज्ज्ञांकडे आत्ताच न्यावं की बोर्डाची परीक्षा झाल्यावर? आत्ता नेलं तर त्याला दडपण येईल अशी ह्यांना भीती वाटते. आम्ही सांगलीत असतो. बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या शट क्लिनिकमध्ये (फोन-इंटरनेटच्या अतिवापरासाठीचं) कुणी मुलाला नेलंय का? तिथे मुलाशी एकट्याशी बोलतात की आईवडिलांसमोर? आमच्यासमोर तो तोंड उघडणार नाही.