मदत हवी आहे: म्हातारे नर उंदीर थंड पडलेत, वयामुळे की अननुभवामुळे?

नमस्कार मंडळी. प्राणीशास्त्रात पीएचडी करतेय. विस्टार या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जातीतल्या ४ आणि २२ महिन्यांच्या नरांचं समागम-वर्तन ताडून पाहतेय. तरुण नर मादी दिसताच मागे लागतात. म्हातारे हुंगतात, दोन पावलं पाठलाग करतात आणि कोपऱ्यात अंग चाटत बसतात! स्खलनापर्यंत क्वचितच कोणी पोचतो.

चाचणी अंधाराच्या वेळी, लाल उजेडात. माद्या इस्ट्रॅडिऑल-प्रोजेस्टेरॉन ही मादी-संप्रेरकं (हार्मोन्स) देऊन माजावर आणलेल्या, तिथे खोट नाही.

वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन घटतं हे मान्य. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांत तर लायडिग पेशी (वृषणातल्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या) तितक्याच राहूनही उत्पादन घसरतं. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊनही म्हातारे नर पूर्ववत होत नाहीत, मग सगळं खापर संप्रेरकावर कसं फोडू?

खरी गोची वेगळीच: हे नर जन्मभर मादीविना वाढलेत. शिवाय वजनदार, मागचे पाय जड. (गाईड म्हणतात, आकडे घे आणि पुढे चल.)

वय आणि अननुभव वेगळे कसे काढू? आधी किती सराव-फेऱ्या द्याव्यात? म्हाताऱ्यांना स्खलनानंतर विश्रांतीही जास्त लागते, तर ३० मिनिटांची चाचणी पुरेल का? कुणी हे काम केलंय का?