नवऱ्याबरोबर टँगो शिकतेय, पण पुढचं पाऊल आधीच ओळखायची सवय सुटत नाही

रातपाळी

नमस्कार. टँगो शिकलेलं किंवा शिकत असलेलं इथे कुणी आहे का? मला खरंच मदत हवी आहे.

वय ५१. २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, बहुतेक वेळ स्क्रब, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं देणारी. लग्नाला २५ वर्षं झाली तेव्हा नवऱ्याला विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, माझ्याबरोबर टँगोच्या १० क्लासना ये. नाचायची मला कधीच हौस नव्हती. दिवसभर उभं राहून आल्यावर पुन्हा दीड तास उभं राहायचं, हे तर नकोच होतं. पण इतक्या वर्षांत त्याने फक्त स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटलं. ६ क्लास झालेत, ४ उरलेत.

शिक्षिका मला दर वेळी एकच सांगतात: "ओळखू नका, वाट बघा." आणि मला नेमकं तेच जमत नाही. माझं सगळं काम ओळखण्याचंच आहे. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्या हातात काय द्यायचं ते माझ्याकडे तयार असतं. रक्त दिसलं की आर्टरी फोरसेप, गाठ बसली की कात्री. त्यांना तोंडाने मागावं लागलं तर मी कमी पडले असं मला वाटतं. नव्या मुलींनाही मी हेच शिकवते, की त्यांच्या हाताकडे बघत बसू नका, ऑपरेशनकडे बघा.

क्लासमध्ये हीच सवय आडवी येते. तो एक पाऊल टाकतो तोवर माझं पुढचं पडलेलं असतं. सुरुवातीला ती आठ पावलांची बांधलेली स्टेप शिकवतात ना, त्यात पाचव्या पावलाला माझा डावा पाय उजव्याच्या पुढून आडवा यायचा असतो. तो क्रॉस मी त्याने सुचवायच्या आधीच करून मोकळी होते. मग तो थांबतो, मी म्हणते "अरे चल ना", आणि तो गप्प होतो. मागच्या क्लासहून परतताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. मला ते फार लागलं, कारण तो रुसणाऱ्यातला नाही.

आणखी दोन गोष्टी. दर थोड्या वेळाने जोडीदार बदलायला सांगतात. अनोळखी माणसाच्या इतक्या जवळ उभं राहणं मला जड जातं. आणि ओचो, म्हणजे चवड्यावर वळत आठचा आकडा काढायची स्टेप, करताना उजवा गुडघा दुखतो. मी ड्यूटीवरून थेट जाते, पायात तेच बूट असतात.

त्याला सरळ सांगू का की तू एकटा जा? की ही सवय सुटते? "मोकळ्या व्हा, मजा घ्या" एवढंच कृपया लिहू नका, ते ऐकून झालंय.

अनवाणी

रातपाळीताई, आधी गुडघा. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. ड्यूटीचे बूट म्हणजे रबरी, न घसरणाऱ्या तळाचे. ओल्या फरशीवरही ते जमीन धरून ठेवतात, त्यासाठीच ते बनवलेले असतात. ओचोत तुम्हाला चवड्यावर गर्रकन वळायचं असतं. बूट जमीन सोडत नाही, वरचं अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. चामड्याच्या किंवा स्वेडच्या (लवदार, मऊ चामड्याच्या) तळाचे बूट घ्या. उंच टाच लागतेच असं नाही, मी पहिलं वर्ष सपाट बुटांत काढलं. तोवर बुटांच्या चवड्यावरून जुने मोजे चढवा. वळतानाही आधी छाती वळू द्या, मग कंबर, पाऊल सगळ्यात शेवटी. एवढं करूनही दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

आता ओळखण्याचं. तासन्‌तास उभं राहायचं काम करणारी माणसं दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभी राहतात. तुम्हीही तशाच उभ्या राहत असणार. टँगोत भार एका वेळी एकाच पायावर असतो आणि दुसरा पाय मोकळा असतो. भार दोन्हीकडे असला की तुमचा कुठला पाय निघणार हे नवरा सुचवूच शकत नाही. मग ते तुम्हाला डोक्याने ठरवावं लागतं, म्हणजे ओळखणं आलंच. "वाट बघा" हा सल्ला बरोबर आहे, पण मोकळा पायच नसेल तर वाट बघणार कशाने?

घरी एवढंच करा. एक गाणं लावा, टँगोची गाणी साधारण ३ मिनिटांची असतात. मिठीत उभे राहा, तुम्ही डोळे मिटा. पाऊल कुणीच टाकायचं नाही. त्याने फक्त आपला भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, मनाला येईल तेव्हा. कधी लगेच, कधी आठ-दहा ठोके नुसतं थांबून. तुम्ही त्याच्याबरोबर जायचं. आधी गेलात तर कुणी सांगावं लागत नाही, तुम्ही एकीकडे आणि तो दुसरीकडे असतो. गाणं चालू असताना कुणीही बोलायचं नाही, "सॉरी"सुद्धा नाही.

जोडीदार बदलण्याबद्दल. अंतर ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हातभर लांबून, उघड्या मिठीतही सगळं शिकता येतं, शिक्षिकेला आधीच सांगून ठेवा. पण बदलणं अगदी सोडू नका. नवऱ्याच्या हालचाली तुम्हाला २५ वर्षांच्या पाठ आहेत, म्हणून तिथे ओळखायचा मोह होतो. अनोळखी माणसाबरोबर ओळखण्यासारखं काही नसतं. मला वाट बघणं तिथेच आलं.

संथलय

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. ७ वर्षांपूर्वी मला बायकोने नेलं होतं, माझं मन अजिबात नव्हतं. माझीही बायको माझ्या आधी क्रॉस करायची. आम्ही छान नाचतो असं मला वाटे. आठ महिन्यांनी एका दुसऱ्या बाईंबरोबर तेच केलं तर त्या क्रॉसमध्ये आल्याच नाहीत, सरळ मागे चालत राहिल्या. मी पुन्हा केलं, त्या पुन्हा सरळ. चूक त्यांची नव्हती, कारण मी क्रॉस सुचवलाच नव्हता. त्या क्रॉससाठी आपली छाती किंचित वळवून बाईला जागा करून द्यायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. आठ महिने बायकोने प्रेमाने माझी चूक झाकली होती आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

ताई, तुमच्या टेबलावर सर्जनचा अर्धा सेकंद वाचवणं पेशंटच्या भल्याचं आहे. क्लासमध्ये तो अर्धा सेकंद नवऱ्याला शिकायला लागतो. तुम्ही आधी गेलात की आपण सांगितलेलं तिला कळलं की नाही, हे त्यांना कधीच समजत नाही. गाडीतली ती शांतता तुमच्यावरच्या रागाची नसावी. माझी तरी नसायची. "माझी इथे गरज काय" असं वाटायचं, आणि ते बोलून दाखवायला जीभ रेटत नसे.

एक उपाय सुचवतो, तो त्यांना वाचायला द्या. ती आठ पावलं काही दिवस विसरा. बांधलेला क्रम आहे तोवर तुम्ही तो ओळखणारच. तसंही त्यातलं पहिलं पाऊल पुरुषाने मागे टाकायचं असतं. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असताना ते मागच्यांच्या अंगावर जातं. नुसतं चाला. त्यांनी तीन पावलांनी थांबावं, कधी सात, कधी एकच. थांबणं हे टँगोतलं पूर्ण मानाचं काम आहे, पुढची स्टेप आठवत नाही म्हणून घेतलेली सुट्टी नव्हे.

टँगोच्या माहेरी, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये, जुन्या काळी पुरुष पुरुषांबरोबर सराव करत आणि नवख्याला आधी फॉलो करायला, म्हणजे बाईच्या जागी उभं राहून मागोमाग जायला लावत. मी ते सहा महिने केलं. दुसऱ्याच्या मिठीत मागे चालायला काय लागतं ते तेव्हा कळलं, आणि बायकोबद्दलचा माझा आदर वाढला. शिक्षिका तयार असतील तर एखाद्या दिवशी भूमिका बदलून बघा.

आणि संगीत! यावर मी थांबत नाही म्हणून घरचे वैतागतात, तरी लिहितो. सरावाला अर्जेंटिनाचा टँगो संगीतकार कार्लोस दी सार्ली याच्या वाद्यवृंदाची रेकॉर्डिंग्ज लावा. तो स्वतः पियानोवर. चालण्यासाठी इतकं स्वच्छ आणि प्रशस्त दुसरं कुणी वाजवलेलं मला माहीत नाही. बाहिया ब्लांका हे त्याच्या जन्मगावाचं नाव. त्याच नावाचा टँगो त्याने रचला आणि १९५७ मध्ये रेकॉर्ड केला, त्यापासून सुरुवात करा. दारिएंझो हा दुसरा वाद्यवृंदवाला नंतर, तो पळवतो. नव्या धर्तीचा टँगो रचणारा पियाझ्झोला माझ्या अतिशय जवळचा, पण तो मुख्यतः बसून ऐकायचा. नवख्यांना त्यावर चालायला लावू नये.

मधली_सुट्टी

थोडं वेगळं मत. मी ४ क्लासनंतर थांबले, नवरा अजून जातो, आणि आमचं उत्तम चाललंय. टँगोला एकट्याने जाता येतं, तिथे जोडीदार मिळतात. तुम्ही शब्द १० क्लासचा दिलाय, तेवढा पाळा. अकराव्याला "नाही" म्हणालात तर त्यात त्याच्यावरचं प्रेम कमी होत नाही. फक्त ते गाडीत, थकलेल्या असताना सांगू नका.

रातपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. ११ दिवसांनी लिहितेय, मध्ये रात्रपाळ्या होत्या.

संथलय, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "हो, असंच." एवढंच. मग मी त्याला माझ्या कामाबद्दल सांगितलं, की मागायच्या आत देणं ही माझ्यासाठी काळजी घेण्याची रीत आहे. घरीही मी तेच करत आलेय. त्याला चष्मा हवा असतो तेव्हा चष्मा त्याच्या समोर असतो. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, पण इथे मला मागायचंय.

भार बदलायचा सराव रोज एक गाणं केला. पहिले तीन दिवस मी दर वेळी आधी जात होते, आणि खरंच, कुणी सांगावं लागलं नाही. चौथ्या दिवशी तो इतका वेळ थांबला की मला वाटलं विसरला. मी हलले नाही. त्याचा श्वास आत गेलेला मला छातीला कळला आणि मग भार सरकला. मी त्याच्याबरोबर होते. २५ वर्षांत त्याचा श्वास मी असा कधी ऐकला नव्हता. पेशंटचे मात्र रोज ऐकते.

सातव्या क्लासला जुन्या चामडी तळाच्या चपला घातल्या, मागे पट्टा असलेल्या. गुडघा दुखला नाही. जोडीदार बदलताना शिक्षिकेला आधी सांगितलं, उघड्या मिठीत दोघांबरोबर नाचले. एक माझ्या मुलाच्या वयाचा होता आणि माझ्याहून जास्त घाबरलेला. अनवाणी, तुमचं खरं आहे, तिथे ओळखायला काहीच नव्हतं.

शेवटी बाहिया ब्लांका लावायला सांगितलं. आम्ही नुसते चाललो. अर्ध्यात तो थांबला, मीही थांबले, डोळे मिटलेलेच. किती वेळ ते माहीत नाही. गाणं संपल्यावर विचारलं, का थांबलास? म्हणाला, तुझ्या पाठीमागे ती पुढची जोडी अडकली होती, तू मागे गेली असतीस तर त्यांच्यावर आदळली असतीस.

अकराव्या क्लासचं अजून ठरलेलं नाही. स्वेडच्या तळाच्या बुटांबद्दल एक विचारायचं होतं: माझ्या नेहमीच्या सपाट बुटांना मोचीकडून स्वेडचा तळ लावून घेता येतो का, की त्यासाठी बूटच वेगळे लागतात?

अनवाणी

येतो. चामडी तळ असेल तर त्यावरच चिकटवून देतात. रबरी असेल तर आधी रबर घासून सपाट करायला सांगा. आणि ते बूट घालून रस्त्यावर चालू नका, पिशवीतून न्या. स्वेड ओलं झालं किंवा धुळीने भरलं की वळू देत नाही. तारेच्या ब्रशने अधूनमधून घासत राहा.