छातीत पू, नळी टाकली, आता ऑपरेशन सांगितलंय. कोणाला अनुभव?

प्रश्न (घाटंजीकर):
बाबा ५८ वर्षांचे, टीबीच्या गोळ्या सुरू आहेत. उजव्या बाजूला पू झाला म्हणून यवतमाळला छातीत नळी टाकली. तरी फुप्फुस फुगत नाही, सीटीत जाड थर दिसतो म्हणे. नागपूरच्या सुपर स्पेशालिटीत नेऊन ‘डिकॉर्टिकेशन’ करा म्हणतात. कापूस वेचणीला आलाय, घरी धावपळ करणारा मी एकटाच. फुप्फुस काढून टाकतात का? खर्च किती?

सिस्टरताई, वर्धा:
दादा, फुप्फुस काढत नाहीत. पू साचून राहिला की फुप्फुसावर चामड्यासारखी साल धरते, मग ते आतून फुगूच शकत नाही. ती साल सोलायची, एवढंच. पेशंट लवकर आला तर दुर्बिणीतून जमतं. थर जुना असेल तर बरगड्यांच्या मधून उघडावं लागतं.

मी छातीच्या वॉर्डात काम करते, म्हणून नंतरचं सांगते. सर्जन आपलं काम करून जातात, खरी परीक्षा वॉर्डात असते. दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, कफ साचतो आणि निमोनिया होतो. म्हणून दुखणं अंगावर काढू देऊ नका, सिस्टरला सांगून औषध मागा. जखमेवर उशी दाबून धरायची आणि खोकायला लावायचं. श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोळे असलेलं मशीन देतील. त्यात निम्मे पेशंट जोरात फुंकतात! फुंकायचं नाही, हळू श्वास आत ओढायचा, गोळे वर धरायचे. सांगितलं की लगेच उठवून चालवा, हातही वर करायला लावा, नाहीतर खांदा आखडतो.

खर्रा, बिडी आजपासून बंद. टीबीच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. अंडी, डाळ भरपूर द्या. टीबी पेशंटला आहारासाठी सरकारच्या निक्षय योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, ते जमा होतात का पाहा.

खर्चाबद्दल (हिंगणघाट):
मह्यं बी असंच ऑपरेशन झालं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाले वर्षाले ५ लाखांपर्यंत इलाज भेटते. रेशन कार्ड, आधार घेऊन पयले दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाजा. आन सीटीची प्लेट, थुंकीचा रिपोर्ट, टीबीचं कार्ड सोबत धरजा. एका दवाखान्यानं मही प्लेटच ठेवून घेतली होती, मंग पुन्हा सीटी. कामाचं म्हणसान तर आता वावरात जातो, पोतं मात्र उचलत नाही. घाबरू नोका.

घाटंजीकर:
ताई, नळी-बॅग घेऊन गाडीनं नागपूरला कसं न्यायचं?

सिस्टरताई, वर्धा:
बॅग पायाजवळ, उभी. छातीच्या वर कधीच नाही, पाणी उलटं आत जातं. बॅगेतल्या नळीचं टोक बॅगेतल्या पाण्यात बुडालेलं हवं आणि श्वासाबरोबर पाणी वर-खाली व्हायला हवं. बुडबुडे येत असतील तर प्रवासात नळीला चिमटा लावू देऊ नका, आत हवा कोंडते. कोणी लावलाच तर का लावला ते विचारा. निघण्याआधी वॉर्डातून जोड चिकटपट्टीनं पक्के करून घ्या. नळी छातीतून निसटलीच तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, वाटेत जो दवाखाना लागेल तिथं थांबा. नागपूरची वाट पाहू नका.