‘कालवं लावा, मुंबई वाचवा’? आधी मैलापाणी आवरा!

ओहोटी:
हरितमुंबईकर यांच्या परवाच्या लेखावर प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतेय. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सारांश: न्यूयॉर्कने बंदरात एक अब्ज कालवं (ऑयस्टर) सोडायला घेतलीत, एक कालव दिवसाला १९० लिटर पाणी गाळतं, तर मुंबईनेही माहीम ते मढ कालवांचे बांध घालावेत. पाणी निवळेल, लाटा अडतील, किनाऱ्यावरच्या टेट्रापॉडचा (लाटा अडवायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा) खर्च वाचेल. खाली सगळ्यांचं ‘वा, वा, किती सकारात्मक’.

तो १९० लिटरचा आकडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या कालवाचा आहे, तोही प्रयोगशाळेतल्या उबदार पाण्यातला, कमालीचा. उघड्या खाडीत गाळ वाढला की तेच कालव तोंड मिटून बसतं. आपलं खडकावरचं कालव त्याहून कितीतरी लहान, आणि राहतं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. दिवसाचे कित्येक तास ते उन्हात कोरडंच असतं. तेव्हा काय हवा गाळणार?

आता न्यूयॉर्कने काय केलं ते क्रमाने बघा. सांडपाण्यापायी तिथली शेवटची कालवं काढणं बंद झालं १९२७ साली. पाणी स्वच्छ करण्याचा कायदा आला १९७२ मध्ये. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूचं कच्चं मैलापाणी हडसनमध्ये जायचं, ते १९८६ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं तेव्हा अडलं. आणि एक अब्ज कालवांचा प्रकल्प २०१४चा. एवढं होऊनही ती कालवं खायला आजही मनाई आहे. आपण मधली सगळी वर्षं गाळून थेट २०१४ वर उडी मारतोय.

खरी चीड आली ती ‘मुंबईच्या किनाऱ्यावर कालवं परत आणूया’ या वाक्याची. परत? ती गेली कुठे होती? बँडस्टँड, कार्टर रोड, वरळी, गिरगाव, कुठेही उधाणाची ओहोटी बघून उतरा, पाय कापून घ्याल. अमेरिकेतल्या चेसापीकच्या उपसागरात कालवं काढायला लोखंडी फावडी ओढून तळ खरवडला गेला. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग टणक जागा बघून चिकटते ती कायमची. तिथे जागाच उरली नव्हती म्हणून त्यांना शिंपल्यांचे ढीग टाकावे लागले. आपल्याकडे काळा पत्थर हवा तेवढा पडलाय. नव्याने लावायचा सोस सोडा, आहेत त्या खडकांवर भराव टाकू नका. माझी मागणी एवढीच.

हरितमुंबईकर:
धन्यवाद ताई, माझ्या लेखापेक्षा मोठी टीका लिहिल्याबद्दल. अमेरिका नको असेल तर बांगलादेश घ्या. कुतुबदिया बेटाजवळ काँक्रीटची कडी ठेवून त्यांवर कालवं वाढवली. जात तीच, आपली खडकावरची. मान्सूनही तोच. कालवांच्या मागे २९ सेंटिमीटर गाळ साचला आणि धूप ५४ टक्क्यांनी कमी झाली. २०१९ मध्ये हे छापून आलंय. ‘इथे होणारच नाही’ म्हणणं सोपं असतं.

ओहोटी:
तोच निबंध पुढेही वाचायचा होतात. कालवांच्या माथ्यावर अर्ध्या मीटरपेक्षा कमी पाणी असताना लाटा पूर्ण अडल्या, एक मीटरपर्यंत थोडाफार जोर कमी झाला. मुंबईत पावसाळ्यातली मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. ज्या दिवशी दादरला पाणी भिंतीवरून उडतं त्या दिवशी तुमचा बांध तळाला असेल. आणि तिथे चिखलाचा सपाट किनारा होता, गाळ धरून ठेवायचा होता. कार्टर रोडला कुठली धूप अडवणार?

नळपाणी:
मूळ मुद्दा ताईंनी मांडलाच, पण मैलापाण्याबद्दल लोक बोलतात ते ऐकून हसू येतं. वरळी आणि वांद्र्याहून तीन किलोमीटरपेक्षा लांब बोगदे समुद्रात गेलेत, त्यांतून जातं ते जाळीतून कचरा काढून, वाळू तळाला बसू देऊन सोडलेलं पाणी. ते निदान लांब तरी जातं. खडकावरच्या कालवांना मारतात ते नाले, जे पावसाचे म्हणून बांधले आणि मे महिन्यातही दुथडी भरून वाहतात. २०२३च्या जानेवारीत सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं, दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर क्षमतेची. उत्तम. पण जे पाणी मलवाहिनीत शिरतच नाही ते केंद्रात पोहोचणार कसं?

आमच्याच सोसायटीत मागच्या विंगचा संडासाचा पाइप पावसाळी गटाराला जोडलाय. वार्षिक सभेत विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, ‘काका, पुढच्या वर्षी बघू.’ मग पार्किंगवर दोन तास मारामारी. हीच मंडळी रविवारी किनारा साफ करायला हातमोजे घालून जातात आणि फोटो टाकतात!

बोंबील_फ्राय:
एवढं सगळं ठीक, पण कालवांचं सुकं करायचं की नाही ते सांगा. आमच्याकडे लहानपणापासून खातात, कोणी मेलं नाही.

नळपाणी:
उकडल्यावर जंतू मरतील. कॅडमियम, तांबं, जस्त मरत नाही. कालव गाळतं म्हणजे घाण नाहीशी करत नाही, बरीचशी पोटात साठवतं. जे गुण लेखात गायलेत तेच ताटात येतात.

मालवणी_गाऱ्हाणं:
तुमका कालवां खावची तर मालवणाक येवा! गंमत सोडा, पण देवगडजवळ वाडातरला बचत गटाच्या बायकांनी खाडीत कालवं आणि शिणाणे (हिरवे शिंपले) वाढवले, संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून. तिथे जमलं, कारण खाडीच्या डोक्यावर दोन कोटींचं शहर बसलेलं नाही. मुंबईकरांनी आधी आमच्याकडचं शिकावं, मग न्यूयॉर्कला जावं.

विकासवादी_७५:
एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. रोज ओहोटीला बायका खडकावर बसून कालवं ठोकत असतात. मग संपतील नाही तर काय होईल? पण दोष नेहमी विकासालाच द्यायचा. कोस्टल रोड झाल्यापासून वरळीहून मरीन ड्राइव्हला दहा मिनिटांत जाता येतं, धूर कमी, पेट्रोल कमी. पर्यावरण ते पण आहे ना?

खारदांड्याची:
इतका वेळ गप्प वाचत होते. विकासवादी, तुम्ही कालव काढताना कधी जवळून बघितलंय का हो? टोच्याने वरचं झाकण उडवायचं, आतलं मांस काढायचं. खालचं झाकण खडकालाच राहतं आणि त्याच्यावर पुढच्या हंगामातलं पिल्लू येऊन बसतं. अमेरिकेत हॉटेलांतून शिंपल्या गोळा करून परत समुद्रात टाकतात म्हणे, मोठं कौतुक. आमच्या आयांनी त्या उचलल्याच नाहीत! किती पिढ्या ठोकतायत, तरी कालवं होती. भराव पडला आणि एका मोसमात गेली.

माझी सासू वरळीची. तिच्या बसायच्या खडकावर आता रस्ता आहे. भरपाईसाठी कचेरीत गेलो तर यादी बोटवाल्यांची. ‘तुमचं लायसन कुठाय?’ पायी जाऊन कालवं काढणाऱ्या बाईला कोण लायसन देतं? टोच्याचा फोटो काढून नेऊ का? साहेबांनी चहा पाजला आणि परत पाठवलं.

विकासवादी_७५:
भावनिक होऊ नका. रस्त्याला हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, सगळं कायदेशीर आहे.

ओहोटी:
अर्धंच सांगताय. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने किनारा नियमनाची मंजुरी रद्द केली होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा सुरू झाला. अंतिम निकाल लागायच्या आत शंभराहून जास्त हेक्टर समुद्र बुजला. २०२० मध्ये हाजी अली-वरळीची प्रवाळं उचलून नेव्ही नगरकडे नेली, कारण प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे. शेजारच्याच दगडावरच्या कालवांना नाही. ती तिथेच गाडली गेली.

विकासवादी_७५:
कोळी लोकांचं ऐकलं नाही असं तरी म्हणू नका. वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर केलं की नाही?

खारदांड्याची:
केलं, उपकार झाले. किती वर्षं भांडून? आणि तेही बोटींसाठी. बोट जाण्यापुरतं अंतर मिळालं, खडक मिळाले का?

बोंबील_फ्राय:
धाग्याचं काश्मीर झालेलं आहे. मी सोलकढी घेऊन बसलोय.

विकासवादी_७५:
अजून एक सांगतो, मग हवं तेवढं ओरडा. मी रोज सकाळी त्या नव्या रस्त्याकडेला फिरायला जातो. समुद्रभिंतीच्या दगडांवर कालवं बसलेली मी स्वतः बघितलीत. पांढरा पट्टा दिसतो. म्हणजे ज्याने मारली म्हणता त्यानेच नवीन घर दिलं!

ओहोटी:
बसली असतील. कालवाला टणक जागा हवी, ती नैसर्गिक आहे की कंत्राटदाराची हे ते विचारत नाही. पण उताराचं गणित बघा. मूळ खडक पसरट होता, ओहोटीला दूरवर उघडा पडायचा. त्यात डबकी, कपारी, खेकडे, शेवाळ, माशांची पिल्लं. भिंतीचा उतार उभा, तिथे तेवढ्याच भरती-ओहोटीत कालवांना मिळतो एक अरुंद पट्टा. आणि त्या मोठाल्या दगडांवरून कोणती बाई टोचा घेऊन उतरणार? तरी एक गोष्ट तुमच्यामुळे निघाली, तिचं श्रेय घ्या: भिंत बांधलीच आहे तर पुढच्या टप्प्यांत खड्डे-कपारी असलेले ठोकळे तरी वापरा. वर्सोव्याकडे काम सुरू आहेच.

हरितमुंबईकर:
म्हणजे शेवटी भिंतीवर कालवं चालतील, फक्त माझ्या लेखात नको. छान! बरं, माहीम ते मढ मागे घेतो, ‘वा, वा’सकट. पण खाड्यांचं काय? केळवे, सातपाटीकडे खाडीत वाढणारं मोठं कालव आहे, ते खडकावरचं नाही, चिखलात एकमेकांवर चढून थर करतं. खरा बांध तेच घालतं. गोराई-मनोरीच्या खाडीत शिंपल्यांचे थोडे ढीग टाकून बघायला काय हरकत आहे? खायला नाही, फक्त बघायला. कालवांखालच्या गाळातल्या जिवाणूंकडून मैलापाण्यातला थोडा नायट्रोजन हवेत गेला तरी पुरे.

नळपाणी:
हरकत नाही. फक्त ढीग टाकण्याआधी पाण्यातला ऑक्सिजन वर्षभर मोजा, पहाटेचा. दुपारचा आकडा कोणालाही चांगला मिळतो.

खारदांड्याची:
आणि टाकण्याआधी मनोरीच्या बायकांना विचारा. नाहीतर उद्या तुम्ही पाटी लावाल, ‘संशोधन सुरू, कालवं काढण्यास मनाई’, आणि आमच्याच खाडीत आम्ही चोर ठरू. शिंपल्या हव्या असतील तर आमच्याकडे ढीग आहेत, पण फुकट नाही मिळणार.

हरितमुंबईकर:
दर कळवा.

विकासवादी_७५:
१२० मीटरचा मुद्दा अजून संपलेला नाही. कोणीतरी म्हणालं फक्त बोटींसाठी. मग पूल कशासाठी असतो?