वस्तीजवळ बॅटरीचे कंटेनर: आधी आराखडा दाखवा, मग होकार मागा

खाडीकाठची, ऐरोली

मुंबईत १० ठिकाणी मिळून वीज साठवणाऱ्या १०० मेगावॅटच्या, कंटेनरमध्ये रचलेल्या बॅटऱ्या बसवायला वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये टाटा पॉवरला मंजुरी दिली. आज ना उद्या असे कंटेनर खाडीच्या या बाजूलाही येतील, म्हणून हा विषय आत्ताच काढतेय. माझं मत स्पष्ट आहे. ज्या सबस्टेशनच्या भिंतीला लागून इमारती आहेत, तिथे हे नको.

कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला १६ जानेवारी २०२५ रोजी ३०० मेगावॅटचं बॅटरी केंद्र पेटलं. सुमारे १२०० लोकांना घरं सोडावी लागली, हमरस्ता बंद झाला. विझली म्हणेपर्यंत १८ फेब्रुवारीला पुन्हा धूर निघाला. शेजारच्या दलदलीच्या मातीत संशोधकांना निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वाढलेलं आढळलं. १२०० माणसं म्हणजे आपल्याकडचे तीन-चार टॉवर. आणि दलदल म्हणाल तर आपली ठाणे खाडी आहेच. २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तिच्या चिखलात रोहित पक्षी चरतात आणि तिच्याच पाण्यावर कोळ्यांची पोटं भरतात.

जुना वायरमन, कळवा

ताई, तुमची काळजी खरी आहे, पण उदाहरण अर्धंच दिलंत. मॉस लँडिंगला जे जळलं ते जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये, एका छपराखाली रचलेलं होतं. बॅटऱ्याही निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या. त्याच गावात दुसऱ्या कंपनीचे २५६ कंटेनर उघड्यावर, मध्ये जागा सोडून उभे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातला एक पेटला आणि एकटाच जळाला. बाकीच्या २५५ ना काही झालं नाही. फरक मांडणीचा आहे.

मी ३१ वर्षं सबस्टेशनात काढली. ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो लिटर तेल असतं आणि तो पेटतो तेव्हा काय होतं ते मी जवळून पाहिलंय. तरी त्याच्या शेजारी आपण राहतो, कारण मध्ये फायर वॉल असते, खाली तेल जिरवायचा खड्डा असतो, बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारे रिले असतात. बॅटरीलाही तशीच शिस्त लावता येते. अमेरिकेतल्या ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे २०१८ ते २०२३ या काळात बसवलेल्या क्षमतेच्या मानाने अपघातांचं प्रमाण ९७ टक्क्यांनी घटलं. आता बहुतेक ठिकाणी लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या लागतात. त्या सहज भडकत नाहीत.

घणसोलीकर

१२ ऑक्टोबर २०२० विसरलात का? कळवा-पडघे लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं अंधारात गेलं. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस. बाबा घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. शेजारच्या काकांनी कुठून तरी सिलिंडर आणून दिला, तोवर मी त्यांचा हात धरून बसले होते. वीज बाहेरून आणायच्या वाटा मोजक्याच आहेत. जिथे वापर आहे तिथेच साठा हवा, तर तो अशा वेळी दवाखान्यांना वीज देणाऱ्या लाइनला, म्हणजे फीडरला, कामी येईल. दक्षिण दिल्लीत किलोकरीच्या सबस्टेशनमध्ये २० मेगावॅटची बॅटरी २०२५ मध्ये सुरू झाली, तीही भरवस्तीत. दिल्लीकर राहतातच ना शेजारी?

फायरमनची बायको, ठाणे

वायरमनकाका, एलएफपी भडकत नाही हे वाक्य कृपा करून सुटं सोडू नका. १६ एप्रिल २०२१ ला बीजिंगमध्ये ज्या केंद्रात स्फोट झाला, तिथे एलएफपीच होती. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनते त्यातला एक सेल तापून आतून फुटायला लागला की त्यातून हायड्रोजनसारखे वायू निघतात. ज्वाळा दिसल्या नाहीत म्हणजे धोका टळला असं नसतं. बंद खोलीत वायू साठला तर पुढे एक ठिणगी पुरते.

२०१९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सरप्राइज गावात हेच झालं. फक्त २ मेगावॅटचं केंद्र. आत आग विझवणारा वायू सुटला, पण सेल एकामागून एक तापतच राहिले. काही तासांनी जवानांनी दार उघडलं आणि काही मिनिटांत स्फोट झाला. चौघे गंभीर जखमी झाले.

माझे मिस्टर दलात आहेत. कॉल आला की पहिलं दार उघडणारा माणूस माझ्या घरातला असू शकतो. म्हणून मी विचारते: आत किती वायू साठलाय हे दार न उघडता बाहेरच्या पाटीवर दिसणार का? वायू बाहेर काढणारे पंखे, स्फोटाचा दाब वर सोडणारी झडप असणार का? ती कोणत्या दिशेला उघडणार, रस्त्याकडे की आकाशाकडे? रात्री दोन वाजता फोन उचलून ‘पाणी जळत्या कंटेनरवर नको, शेजारच्यांवर मारा’ असं सांगणारा जाणकार कोण? घणसोलीकर, तुमच्या बाबांसाठी वीज हवीच. पण जवानाला आंधळ्यासारखं आत ढकलून नको.

खाडीकाठची, ऐरोली

हे वाचून अंगावर काटा आला. वायरमनकाका, बंद हॉल आणि सुटे कंटेनर यातला फरक मला मान्य. उघड्यावरच्या कंटेनरला माझा सरसकट विरोध राहिला नाही. पण पाण्याचं काय? ऑस्ट्रेलियात जिलाँगला जुलै २०२१ मध्ये चाचणी चालू असतानाच कंटेनर पेटला, तो आत कूलंट, म्हणजे बॅटरी थंड ठेवणारा द्रव, गळून शॉर्ट झाल्यामुळे. आग शेजारच्या कंटेनरला लागली आणि आटोक्यात यायला तीन दिवसांहून जास्त लागले. मॉस लँडिंगलाही २०२१ मध्ये आग विझवण्याच्या पाइपातूनच पाणी गळून बॅटऱ्या खराब झाल्या होत्या. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर खारा वारा. ग्रिलला दोन वर्षांत गंज चढतो. २६ जुलै २००५ ला कुठे कुठे पाणी शिरलं होतं ते जुन्या लोकांना विचारा. जोता किती उंच, आणि कंटेनर थंड करायला मारलेलं पाणी गटारातून थेट खाडीत जाणार का, हे कळल्याशिवाय मी होकार देणार नाही.

तळोजा फेज २

आमच्याकडे रात्री वास सुटतो तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच आम्हाला माहीत. कारखान्याचा नंबर लागत नाही, भोंगा वाजत नाही, मुलगी खोकत उठते. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ ला स्फोट झाला, २०२४ ला पुन्हा झाला. परदेशात नियम पाळून प्रमाण घटलं, मान्य. इथे तपासायला कोण येणार? माझा विरोध कायम.

जुना वायरमन, कळवा

फायरमनच्या बायकोचं बरोबर आहे. ते वाक्य मी घाईत लिहिलं, मागे घेतो. तळोज्याच्या दादांना माझ्याकडे उत्तर नाही. तपासणी ढिली पडते हे नोकरीत मीही पाहिलंय.

पण नुसतं ‘नको’ म्हणाल तर आपल्याला न विचारता कुठेतरी कोपऱ्यात उभं करतील. त्यापेक्षा कागद मागा. यूएल ९५४०ए नावाची चाचणी असते. त्यात मुद्दाम एक सेल तापवून फोडतात आणि आग शेजारच्या सेलला, मॉड्यूलला म्हणजे सेलच्या गठ्ठ्याला, पुढे शेजारच्या कंटेनरला लागते का ते बघतात. तो अहवाल मागा, आणि तोही इथे बसणाऱ्या मॉडेलचाच. दोन कंटेनरमध्ये आणि कंटेनर ते इमारत किती जागा सोडली, ते नकाशावर मीटरमध्ये लिहून मागा. पाणी अडवायचा खड्डा दाखवा म्हणा. कोणाला अर्ज लिहायचा असेल तर मी मसुदा करून देतो.

फायरमनची बायको, ठाणे

द्या काका. त्यात एक ओळ माझी घाला: चालू करण्याआधी दलाबरोबर मॉक ड्रिल व्हावं, आणि ते जुलैत, रात्रपाळीला, पाऊस पडत असताना व्हावं.