सहचरीच्या अस्थी एकाच तीर्थात सोडाव्यात, की तिच्या आवडत्या ठिकाणी थोड्या थोड्या?

धागाकर्ता: पत्नीला जाऊन चौदा महिने झाले. तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थींपैकी बहुतेक आम्ही नाशिकला रामकुंडात विधिपूर्वक विसर्जित केल्या. मूठभर मात्र मी, मुलाच्या नापसंतीकडे काणाडोळा करून, तिच्याच हळदीच्या पितळी डब्यात ठेवल्या. निवृत्तीनंतर जी ठिकाणे दोघांनी मिळून पुन्हा पाहायची ठरवली होती, ती कास, माथेरान आणि तिच्या माहेरचा वेंगुर्ल्याचा किनारा पाहायला आता एकटाच निघणार आहे, आणि प्रत्येक ठिकाणी चिमूटभर ठेवून यावे असा मानस आहे. नातेवाईक म्हणतात, मी तिला अडकवून ठेवले आहे. आपले मत काय?

वाटसरू: आपल्या दुःखाचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. दहा दिवसांच्या आत विसर्जन करावे आणि तोवरही अस्थी घरात न आणता बाहेर झाडाला बांधून ठेवाव्यात, या प्रघातामागे श्रद्धेबरोबर मागे राहिलेल्यांची काळजीही आहे, असे मला वाटते. चिमूट चिमूट करून सोडण्यात आपण निरोपाची तारीख पुढे ढकलत आहात.

कृष्णाकाठ: तारीख ज्याची त्याने ठरवावी. पंडित नेहरूंनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि उरलेला मोठा भाग शेतकरी राबतात त्या शेतांवर विमानातून विखरावा. १९६४ साली तसेच करण्यात आले. आमच्या सातारा-सांगलीकडेही रक्षा नदीत न सोडता शेतात पसरणारी किंवा खड्ड्यात घालून वर आंब्याचे रोप लावणारी कुटुंबे आहेत. त्यांना कोणी अधार्मिक म्हणत नाही.

रानवाटा: शेत आणि कास यांत फरक आहे, आणि तो भावनेचा नाही. हाड प्रामुख्याने कॅल्शियम फॉस्फेटचे असते. नांगरलेल्या शेताला ते खतच. कासला मात्र जांभ्याच्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो आणि त्यात पोषकद्रव्ये इतकी कमी, की दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. त्या उपासमारीवरच तिथली फुले टिकून आहेत. माती सकस झाली तर दांडगे गवत त्यांना दाबून टाकेल. एका चिमटीने काय होणार, हे प्रत्येकालाच वाटते. स्कॉटलंडमध्ये डोंगरमाथ्यांवर रक्षा विखरणारे इतके वाढले, की तिथल्या गिर्यारोहकांच्या संघटनेला याच कारणासाठी लोकांना आवर घालावा लागला. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे फुले पाहावीत आणि डबा पिशवीतच ठेवावा.

माहेरवाशीण: माझे पती गेले तेव्हा मला स्मशानात येऊ दिले नाही, आणि अस्थींचा कलश दिरांनी परस्पर नेला, कोणत्या घाटावर सोडला, हेही मला चार दिवसांनी कळले. त्यामुळे तुम्हाला कोणी अडवू नये, असेच मी म्हणेन. फक्त एक विचारते, काका: ही तीन ठिकाणे त्यांची होती, की तुमची?

धागाकर्ता: या प्रश्नावर दोन दिवस उत्तर लिहिता आले नाही. माथेरान माझे होते. तिथली तांबडी धूळ तिला सोसत नसे. प्रत्येक सहलीत तोंडावर पदर धरून ती चालली आणि मी पुढच्या पॉइंटची घाई करत राहिलो. कासला ती गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, दवबिंदूच्या पानावर चिकटलेली माशी बघत बसली होती, आणि पाय ठेवताना जपा असे मलाच बजावत होती. तेव्हा तिथे रक्षा ठेवण्याचा विचार सोडला आहे. वाटसरू यांचे म्हणणे मला आजही पटत नाही, परंतु तीनाचे एकच ठिकाण झाले हे खरे. वेंगुर्ल्याला ओहोटी लागल्यावर सोडेन, म्हणजे पाणी बाहेर नेईल. मुलाला काल विचारले; तो येतो म्हणाला, डब्याविषयी काही बोलला नाही.